पुढचीला प्रश्न नाही

१ मार्च, रविवार

या वर्षीची डायरी भिकार निघाली. बाहेरून पुठ्ठा झकास, आणि आत ओळी धड सरळ छापलेल्या नाहीत. पानाच्या मधोमध आल्या की खाली झुकतात, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारख्या. मी तीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कचेरीत हाताने नकाशे काढले. सरळ रेघ कशी असते ते मला कुणी शिकवू नये. डायरी दुकानात परत नेली तर दुकानदार म्हणतो, "काकू, सरळच आहेत की." वर हसतो. कुणाला कशाची चाड उरलेली नाही.

मंगळवारी आम्ही चौघी निघतो. त्यावरूनही सकाळी डोकं फिरलं. भोंग्याचा फोन. आमच्यात ती भोंगाच; मैदानाच्या या टोकाला बोलली की त्या टोकाच्या सिस्टर दचकायच्या, आणि पुढे शिवणयंत्रांच्या खडखडाटात दुकान चालवून आवाज आणखी चढला. म्हणाली, या खेपेला शहर दाखवायला एखादा माणूस घेऊ या का बरोबर? मी विचारलं, का? म्हणाली, सहज.

सहज म्हणे. मी असताना?

कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी आमची रांग फिरायला निघायची. सगळ्यात बुटकी म्हणून मी पुढे, हातात पितळी घंटा. एक टोल, थांबा. दोन टोल, चला. सिस्टरचा नियम एकच होता: पुढचीला प्रश्न नाही. वाटेत कुणी "कुठे चाललोय" म्हणून विचारलं की पुढची मागे बघते, आणि पुढचीने मागे बघितलं की रांग गाडीखाली जाते. सगळ्या वर्गाच्या वेण्या माझ्या मागे मुकाट चालायच्या. अजून कधी कधी झोपेत तो पायांचा आवाज येतो मला. इतकं निर्धास्त पुन्हा कधी वाटलं नाही.

हे गेल्यावर या तिघींनी मला घरातून अक्षरशः ओढून एका शहरात नेलं. तेव्हापासून दरवर्षी एक शहर, थोडे दिवस, खाणं आणि भटकणं. नियम तोच. मी पुढे, दिवसभर कुणी ब्र काढायचा नाही. तक्रार असेल ती संध्याकाळच्या जेवणात, गोड पदार्थ आल्यावर, आणि प्रत्येकीने एकच. इतकी वर्षं हे सुरळीत चाललंय. आता यांना माणूस हवा.

मी "नाही" म्हणून फोन ठेवला.

३ मार्च, मंगळवार

पोचलो. नदी आहे, दगडी पूल आहेत, गल्ल्यांतून भाजलेल्या पिठाचा वास येतो. शहर मला आवडलं असतं, पण बांधणाऱ्यांनी माती खाल्ली आहे. स्टेशनाच्या कमानीचा खांब मध्येच वाकलाय. मी बोट करून दाखवला तर तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बांधकामातलं यांना काय कळणार. उतरलोय त्या जागेचा जिना वरपासून खालपर्यंत एकाच करड्या दगडाचा. पायरी कुठे संपते ते कळायला कडेला वेगळी पट्टी नको? आमच्या कचेरीत असा जिना मंजूर झाला नसता. भोंगा प्रत्येक पायरीवर "हुश्श" करत माझ्या पुढे उतरत होती. पुढे कशाला, म्हटलं. म्हणाली, घाई लागली आहे.

दुपारी पूल ओलांडून पलीकडच्या काठाला गेलो. तिथे कढईवाला मासा पिठात बुडवून तळून देतो, वर काहीतरी आंबट पिळतो. कागदातून, उभ्याउभ्याच खाल्ला. बोटं भाजली. काडीने माझ्या हनुवटीवरचं पीठ पुसलं, तेव्हा मला बोर्डिंगमधली काडी आठवली. तापात माझ्या उशाशी बसून माझ्या वाटची पेज स्वतः पिणारी. काडी म्हणजे नुसती हाडं. पुढे नर्स झाली, मुलांच्या वॉर्डात जन्म काढला, पण अंगावर तोळाभर मांस चढलं नाही.

संध्याकाळी नदीकाठच्या खानावळीत गेलो. दिवे इतके मिणमिणते की खाण्याच्या पत्रिकेवर मुंग्या फिरतायत असं वाटत होतं. भोंग्याने ती अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचली. आज काय शिजलंय ते पलीकडच्या टेबलांनाही कळलं. मी काय अडाणी आहे?

मग गोड आलं. मधात घोळवलेले बदाम. तक्रारी सुरू झाल्या. भोंग्याची तक्रार चपलांची. आमच्यातली चौथी, मुनी, नेहमीप्रमाणे गप्प. काडी म्हणाली, "एक डोळा झाकून त्या दिव्याकडे बघ बघू."

मी म्हटलं, ही तक्रार नाही, ही तपासणी झाली, आणि मी तुझ्या वॉर्डातलं पोर नाही. पुन्हा नर्सगिरी केलीस तर सकाळच्या गाडीने परत जाईन आणि पुढची सहल तुम्ही तिघी करा.

ती ओशाळली. बदाम चमच्याने नुसते इकडून तिकडे ढकलत बसली. बरं झालं. एकदा ठणकावून सांगितलं की माणूस पुन्हा वाटेला जात नाही.

४ मार्च, बुधवार

आज संग्रहालय. भिंतभर जुन्या माणसांची मोठमोठी चित्रं. कपडे, अंगठ्या, कुत्री, सगळं लख्ख. आणि तोंडांच्या जागी मळकट डाग. रंगावर रंग चढवून चेहरे पार घालवलेत. मी तिथल्या पहारेकऱ्याला सांगितलं की लाज वाटायला हवी. तो काही बोलणार इतक्यात भोंग्याने त्याच्याशी असं काही गुळपीठ जमवलं की तो माझं ऐकायचंच विसरला. काडी मला हाताला धरून फुलदाण्यांकडे घेऊन गेली. हाताला काय धरायचंय?

बाजार झकास होता. तिखटाचे ढीग, टांगलेले कांदे, तव्यावर लाटून टाकलेल्या पातळ पोळ्या आणि त्यात भाजलेलं वांगं. मी दोन खाल्ल्या. पोटात अन्न गेलं तशी चिडचिड जरा उतरली. चार वाजता घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायचं माझ्या यादीत होतं. तर दारातच तिघींचे गुडघे एकदम दुखायला लागले. गेल्या वर्षी हीच भोंगा किल्ल्याच्या पायऱ्या धावत चढत होती, माझ्या पुढे. म्हाताऱ्या झाल्या या. मी झाले नाही, आणि यांच्या गुडघ्यांपायी मला खाली बाकावर बसून कबुतरं मोजावी लागली. इतका संताप आला की त्यांच्याशी बोललेच नाही.

संध्याकाळी गोड आल्यावर, कधी नव्हे ते, मुनीने तोंड उघडलं. मुनी शाळेत ग्रंथपाल होती. घरात आणि दारात "श्शू" करण्यात तिची हयात गेली. म्हणाली, "आज बाजारात मी तुझ्यासमोर उभी होते. तू मला विचारलंस, बाई, पोळ्यांचं दुकान कुठे?"

मी म्हटलं, गंमत केली. तुला गंमत कळत नाही हे शाळेपासून माहीत आहे.

खरं तर ओळखलं नव्हतं. पण तिने डोक्याला नवा रुमाल गुंडाळला होता आणि पाठीमागून ऊन येत होतं. कुणीही चुकलं असतं. एवढ्या तेवढ्याचं भांडवल करायचं का जेवताना? मी तसं तिला सुनावलं. ती पुन्हा मिटली ती मिटलीच.

५ मार्च, गुरुवार, सकाळ

आज बंदर. जाळी ओढणारे लोक उकडलेले शिंपले विकतात म्हणे. तीन नंबरची बस. कुणाचे गुडघे दुखतात ते बघते.

६ मार्च, शुक्रवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. आत मुनीच्या मनगटाला प्लास्टर घालतायत.

काल काय झालं ते लिहून टाकते. बस आली, मी हात केला, चढले. मागून या चढल्या. भोंगा दारात क्षणभर घुटमळली, कंडक्टरने हटकलं तेव्हा आत आली. बस चालली ती चाललीच. नदी दिसेना, समुद्राचा वास येईना. दुकानं संपली, गोदामं लागली, आणि शेवटी बस एका मोठ्या आगारात जाऊन थांबली. तिथे बाकीच्या बसगाड्या नळीने धूत होते. तीन नंबरची बस बंदराला जात नाही, असं कोणतं शहर असतं? मी चालकाला फैलावर घेतलं. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि काडी त्याला बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटली.

पण जेवलो मात्र फार छान. चालकांसाठी तिथे एक खोपटं आहे. शेंगांचं दाट गरम सूप आणि जाड सालीचा पाव. भोंग्याने सगळ्या चालकांना हसवून हसवून बेजार केलं. मुनीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला वाटलं, चूक शहराची, पण पुढे मी होते म्हणून हे सूप मिळालं.

परतीच्या बससाठी लोखंडी पूल ओलांडायचा होता. उतरताना मी पुढे. शेवटची पायरी संपली असं मला वाटलं. ती संपली नव्हती. मागून मुनीने मला कवेत धरलं, मला वळवून घेतलं आणि स्वतः खाली पडली. मी तिच्या अंगावर. मला खरचटलंसुद्धा नाही. ती ओरडली नाही. तिच्या मनगटाचा आवाज मात्र मी ऐकला.

काल नुसती पट्टी बांधून पाठवलं, आज बोलावलंय. त्या पुलाच्या पायऱ्यांबद्दल मी नगरपालिकेला लिहिणार आहे.

६ मार्च, दुपार

लिहायचं मन नाही. तरी लिहिणार.

प्लास्टर झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी मुनीच्या मनगटाचा फोटो खिडकीला धरला आणि म्हणाले, ही बारीक रेघ बघा, इथे तुटलंय. मी म्हटलं, फोटो धुरकट आलाय, दुसरा काढा. त्यांनी फोटो खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग मला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिघी मागोमाग.

डोळ्यांची डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची. चौकटीचौकटींचा कागद माझ्यापुढे धरला. तीस वर्षं मी ज्या कागदावर पोट भरलं तो कागद. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. उजव्याने बघितलं तर मधल्या चौकटी मुरगळलेल्या. डाव्याने बघितलं तर मध्ये ठिपकाच नाही, चौकटी नाहीत, नुसतं मळकट काहीतरी. मी म्हटलं, कागद चुकीचा छापलाय.

ती हसली नाही. "रेघा सरळ आहेत, काकू," म्हणाली. मग विचारलं, "हे किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, नवी डायरी आणली तेव्हापासून.

आणि माझ्या पाठीमागून भोंगा म्हणाली, "गेल्या वर्षी किल्ल्यावर असताना होतं." काडी म्हणाली, "त्याच्याही आधी. त्या बागेत ती कारंज्याच्या कठड्याला अडखळली होती." मुनी म्हणाली, "बागेच्याही आधी."

त्या एकमेकींची चूक दुरुस्त करत होत्या. माझ्यासमोर. जसं काही माझ्या लग्नाचं साल आठवतायत.

डॉक्टरणीने थेंब घालून आत बघितलं, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली. मग सांगितलं. डोळ्याच्या मागचा पडदा, त्याचा नेमका मधला भाग. डाव्यात व्रण धरलाय, तो भाग गेला. उजव्यात आता सुरू झालंय. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, लगेच, पुढच्या आठवड्यात. घेतली तर बहुधा थोपवता येईल. नाही घेतली तर तोही जाईल.

मी विचारलं, आधी आले असते तर?

"डाव्याचंही बरंचसं वाचलं असतं," ती म्हणाली.

७ मार्च, शनिवार

काल सांगितलं की जेवणार नाही आणि खोलीतून बाहेर पडले नाही. आज सकाळी त्या तिघी चहा घेऊन माझ्या खोलीत आल्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये असल्या शब्दांना साबणाने तोंड धुवायला लावायचे. म्हटलं, शत्रूने केलं नसतं ते तुम्ही केलंत. तुमच्या लाडाने माझा एक डोळा खाल्ला.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. निघण्याआधी तिघी भोंग्याच्या दुकानात भेटल्या होत्या. कुणी माझ्या डाव्या बाजूने चालायचं, कुणी पायऱ्यांवर आवाज करायचा, कुणी पत्रिका वाचायची, हे सगळं ठरलेलं. मनोऱ्याचे गुडघेही ठरलेले. तीन बायकांनी मिळून मला शहर दाखवलं आणि मला वाटत राहिलं की मीच दाखवतेय. मी पुढे चालत होते, आणि या मागून एखाद्या रांगत्या पोरासारखी माझी राखण करत होत्या.

मी विचारलं, "बस चुकीची आहे हे माहीत होतं?"

"पाटीवर आठ होता गं," भोंगा म्हणाली. तिचा इतका बारीक आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"मग चढलीस कशाला?"

"तू पुढे होतीस."

काडीकडे वळले. म्हटलं, तू तर नर्स. तुला कळलं होतं.

"कळलं होतं. तू मला गप्प केलंस."

"आणि तू झालीस?"

"झाले," काडी म्हणाली, आणि तोंड ओंजळीत घेतलं. तिची बोटं किती वाळली आहेत.

मला दया आली नाही. कुणीतरी सांगायचं होतं. इतक्या वर्षांत, इतक्या जेवणांत, एकीने तरी. एकीनेही तोंड उघडलं नाही. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. मुनीने फक्त मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण मान वर केलेली कळली.

मी त्यांना बाहेर काढलं.

दुपारी एकटीच निघाले. म्हटलं, मी खाईन माझं मला. कोपऱ्यापर्यंत गेले. पलीकडे कसलातरी खमंग वास येत होता, तूप आणि साखर जळल्यासारखा. रस्ता ओलांडायचा होता. गाड्यांचे आवाज ऐकत उभी राहिले. एक गेली की दुसरी. मग भूक नाही असं वाटलं आणि परत आले.

खोलीच्या दाराशी ताट झाकून ठेवलेलं होतं. ताट झाकायची पद्धत भोंग्याची, कापडाच्या कडा आत खोचलेल्या. मी ते खाल्लं. राग अन्नावर काढू नये असं आमच्या मदर म्हणायच्या. फक्त अन्नावर.

८ मार्च, रविवार

गाडीत आहे. अक्षर हलतंय ते गाडीमुळे.

सकाळी सामान घेऊन चौघी रस्त्यावर उभ्या राहिलो आणि कुणी हलेना. तिघी माझ्या मागे सवयीने ओळीत. मी म्हटलं, मी येणार नाही पुढे. तर यांना कळेना काय करायचं. भोंगा म्हणते डावीकडे, काडी म्हणते पूल उजवीकडे राहायला हवा. वीस पावलं गेलो, परत फिरलो. एका पाववाल्याला विचारलं, त्याच्याकडचा गरम पाव घेतला, खात खात त्याने सांगितलेला रस्ताही चुकलो. त्यांची भांडणं ऐकून मला आतून बरं वाटत होतं. कबूल करणार नाही. इतकी वर्षं मी यांना उगाच नेलं नाही.

कसेबसे पोचलो. फलाटावर जायला चार पायऱ्या उतरायच्या होत्या, त्याच त्या बिनपट्टीच्या करड्या दगडाच्या. भोंगा आणि काडी सामानाशी झटापट करत होत्या. मुनी माझ्या पुढे गेली, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात सांभाळत. पहिल्या पायरीवर थांबली.

"पायरी आहे," म्हणाली.

"दिसतेय मला."

"नाही दिसत."

मागून लोक ढकलत होते. कुणाची तरी पेटी माझ्या पोटरीला लागली. इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही डोळ्यांत. काडी मागे जागच्या जागी थिजली असणार, कारण तिच्या पेटीची चाकं वाजायची थांबली. मुनी वळली नाही. खुलासा केला नाही, सॉरी म्हणाली नाही. तिथेच उभी राहिली, पाठमोरी.

मी तिच्या धड हाताची बाही धरली.

"किती खोल आहे?" मी विचारलं.

"वीतभर," ती म्हणाली, आणि उतरली. मी उतरले.